बावडीपाशी रडणारी गाडी

ही हकिकत २०१८ सालच्या मे महिन्यातली. काचीगुडा स्टेशनाच्या मागे तेव्हा बैठ्या घरांची एक बंद गल्ली होती. गल्ली अजून आहे, घरं मात्र राहिली नाहीत. संध्याकाळ झाली की तिथल्या कडुलिंबावरून वटवाघळं उठायची, स्टेशनातल्या घोषणा तीन भाषांत एकामागून एक वाऱ्यावर यायच्या, आणि गल्लीच्या आतल्या टोकाला, बरोबर दिवेलागणीला, असं काही व्हायचं की मोठी माणसंसुद्धा तिकडे पाठ करून बसायची.

"बाजूला व्हा रे! वादळ येतंय, वादळ!"

हर्षवर्धनने रिमोटचा घोडा दाबला आणि त्याची लाल गाडी सुसाट सुटली. मुठीएवढ्या चाकांनी धूळ उडवली. झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं.

"हळू रे हौल्या! कुणाच्या पायात जाईल!" त्रिवेणी ओरडली.

हर्षवर्धन तिचा मावसभाऊ. सुट्टीला लातूरहून आलेला, आणि आल्यापासून गाडीशिवाय दुसरं बोलत नव्हता. "हौल्या म्हणजे काय गं? तुम्ही हैदराबादचे लोक मराठी बोलता की आणखी काही?"

"हौला म्हणजे येडा, म्हणजे तू," शेजारचा धम्मानंद शांतपणे म्हणाला.

तिघंही हसत होती, तेवढ्यात गाडी थांबली. अडखळली नाही, आपटली नाही. गल्लीच्या टोकाला, सुशीलाबाईंच्या फाटकासमोरच्या कडुलिंबाजवळ तिचा जोर एकदम गेला. ती थोडी घरंगळली आणि उभी राहिली. मग तिथून आवाज आला. बारीक, लांबट, कुणी मूल तोंडावर हात दाबून रडावं तसा. थांबायचा, पुन्हा यायचा.

"ते... ते काय आहे?" धम्मानंदचं हसू मावळलं.

"मोटरचा आवाज आहे," हर्षवर्धन म्हणाला. पण त्याने घोडा कितीही दाबला तरी गाडी हलेना. "काल पण इथंच थांबली होती. परवा पण."

"आणि दुपारी?" त्रिवेणीने विचारलं. "दुपारी तर फाटकापर्यंत जाऊन परत आली की!"

कडुलिंबाच्या बुंध्याशी कुणीतरी लिंबू कापून, कुंकू लावून ठेवलं होतं. गाडी आणायला तिघंही एकमेकांचे हात धरून गेली.

घरी त्रिवेणीचे आजोबा, आबासाहेब, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्या लिंबाखाली बावडी आहे, जुनी विहीर. मी तुमच्याएवढा होतो तेव्हा आम्ही तिचं पाणी प्यायचो. पुढं नळ आले, बावडी बुजवली. दगड टाकले, माती टाकली, पण तिला कुणी दोन फुलं वाहिली नाहीत. आता ती आवाज गिळते."

"आवाज गिळते?"

"हौ. दिवेलागणीला तिथं फोन लागत नाही, माहितेय? सगळे म्हणतात टॉवर खराब. मी म्हणतो, बावडी. तुम्ही तिकडं जाऊ नका!"

त्या रात्री त्रिवेणीने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं, मे महिना असूनही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिघं नेहमीप्रमाणे सुशीलाबाईंकडे गेली. सुशीलाबाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांच्या आजी. शहरातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. त्रिवेणीच्या बाबांनाही त्यांनीच शिकवलं. आता एकट्याच राहायच्या. सुट्टीत गल्लीतल्या मुलांना त्या मराठी पुस्तक मोठ्याने वाचायला लावत, कारण इथली मुलं मराठी बोलायची भरभर, पण वाचताना जोडाक्षर आलं की अडायची. चांगलं वाचलं की बरणीतून आवळकंठी काढून द्यायच्या, चुकलं तरी द्यायच्या.

आज पुस्तक बंदच होतं. पलंगावर एक उघडी बॅग पडली होती.

"आजी, कुठं चाललात?"

"परभणीला. रेणुका रविवारी न्यायला येतेय." त्या हसायला गेल्या, पण हसू जमलं नाही. "कायमचं."

"कायमचं!" तिघं एकदम ओरडली. "का?"

सुशीलाबाईंनी उशीजवळचा जुना फोन हातात घेतला. त्याचा पडदा केव्हाच काळा पडला होता, पण दोनचं बटण दाबून धरलं की लेकीला फोन लागायचा. रोज दिवा लावला की त्या रेणुकाला एक मिस कॉल द्यायच्या. एकच रिंग. म्हणजे आई ठीक आहे. रेणुका उचलायची नाही. देव्हाऱ्यातल्या दिव्याइतकाच तो त्यांचा नेम होता.

"गेला महिनाभर रेणुका म्हणते, मिस कॉल येत नाही. मी म्हणते, दिला. ती म्हणते, आई, तू विसरतेस. मग ती रात्री फोन करते, तोही लागत नाही. म्हणते, तू बंद करून ठेवतेस. एकदा तर बिचारी घाबरून रात्रीची गाडी पकडून आली." सुशीलाबाईंनी बोटं चोळली. "मला आठवतं गं, बटण दाबल्याचं. पण आता वाटतं, खरंच विसरत असेन. वय झालं."

"आजी, तुम्हाला अख्ख्या शाळेची नावं पाठ आहेत!" धम्मानंद म्हणाला.

"फोन लावल्यावर ऐकू काय येतं?" त्रिवेणीने विचारलं.

सुशीलाबाईंनी फोन पुन्हा उशीजवळ ठेवला. "काहीच नाही. विहिरीत कान घातल्यासारखं. दिवेलागणीला या घरात कुणीतरी येऊन बसतं बघ. सगळं मुकं होतं."

भर दुपारी त्रिवेणीच्या मानेवर काटा आला. पण त्या काट्यासोबत तिच्या डोक्यात एक विचारही आला. बाहेर पडल्याबरोबर ती म्हणाली, "जागा तीच. वेळ तीच. आजीचा फोन मुका होतो आणि आपली गाडी थांबते. हे दोन नाही, एकच आहे काही तरी!"

"काही एक नाही," हर्षवर्धन म्हणाला. "गाडीतला कंट्रोलर भिकार आहे. नवा घेतला की गाडी बावडीवरून उडत जाईल."

"पण थांबते कशानं ते तुझा कंट्रोलर सांगतो का?"

"तो काय सांगणार! गरम झाला तरी तेच रडतो, बॅटरी उतरली तरी तेच."

"मग आपल्याला सांगणारा पाहिजे," त्रिवेणी म्हणाली.

आबिड्समध्ये एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर पाशाभाईंचं रिमोटच्या गाड्या-विमानांचं दुकान होतं. छताला विमानं टांगलेली, काउंटरवर उघड्या मोटारी. हर्षवर्धनला वाढदिवसाला मिळालेले पैसे घेऊन तिघं तिथं पोहोचली. कंट्रोलर म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डबी. बॅटरी आणि मोटर यांच्यामधला हा मुकादम. बॅटरीतली वीज मोटरला किती द्यायची, कधी द्यायची, हे सगळं तोच ठरवतो.

पाशाभाईंनी पंख्याची एक डबी काउंटरवर ठेवली. "ये देखो मियाँ! एक सौ बीस अँपिअर! बादशाह है बादशाह!"

हर्षवर्धनचे डोळे चमकले. जूनमध्ये लातूरला गाड्यांची शर्यत होती, आणि गेल्या वर्षी तो शेवटून पहिला आला होता. "हाच! हाच पाहिजे!"

"थांब," त्रिवेणी म्हणाली. "भाई, आमच्या मोटरला एवढा लागतो का?"

"लगता नै बेटा. तुम्हारी मोटर को साठ बहुत है. थोडा जास्त झेलनेवाला लेना, बॅटरी के सेल देख के लेना, बस. लेकिन बच्चे लोग बडाच मांगते."

त्रिवेणीने गाडी उलटी करून मोटर पाहिली. कडेला एक छोटी खाच होती, आत बारीक टाचण्या. "इथं तर काहीच जोडलेलं नाही. हे कशाला असतं?"

"वो सेन्सर का. मोटर अंदर किधर घूमी, कंट्रोलर को पता चलता. सेन्सरवाला लगाए तो चींटी के माफिक चलती गाडी. उसके बगैर धीरे चलाए तो झटके खाती. पर धीरे चलाना किसको है?"

"मला!" त्रिवेणी म्हणाली.

हर्षवर्धनने कपाळाला हात लावला. "मुंगी? माझी गाडी मुंगी?"

"ऐक तर! वेगात असली की जोर गेल्यावरही गाडी घरंगळत पुढं जाते. जोर नेमका कुठं गेला ते कळत नाही. मुंगीच्या चालीनं नेली तर जिथं मरेल तिथंच उभी राहील." ती पाशाभाईंकडे वळली. "आणि तो बोलतो का? गरम झाला, बॅटरी उतरली, रिमोटचं ऐकू आलं नाही, वेगवेगळं सांगतो?"

पाशाभाईंनी दुसरी, साठ अँपिअरची, सेन्सरवाली लहान डबी काढली. पंखा नाही, चमकधमक नाही. त्यांनी ती एका मोटरला जोडली, रिमोट सुरू केला आणि मग मुद्दाम बंद केला. डबीवरचा लाल दिवा लुकलुकला आणि मोटर स्वतःच गाऊ लागली. एक लांब, एक आखूड, एक लांब. थांबून पुन्हा तेच.

"सिग्नल नै मिला तो ऐसा रोती. गरम हुई तो अलग, बॅटरी गई तो अलग."

त्या भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या गोंगाटातही तो आवाज ऐकून तिघांच्या अंगावर शहारा आला.

दोन्ही डब्या समोर होत्या. पैसे एकीचेच होते, आणि ते हर्षवर्धनचे होते. त्याने बादशाहावरून एकदा बोट फिरवलं.

"साठवाला लावला तर पुढं मोठी मोटर बसवता येणार नाही. लातूरला मी पुन्हा शेवटचा येणार," तो म्हणाला.

"येशील," धम्मानंद म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही.

"आणि नाही लावला तर आजी जाणार?"

"ते नक्की नाही. पण त्यांचा फोन का मुका होतो ते कधी कळणार नाही."

हर्षवर्धनने लांब श्वास सोडला. "द्या भाई, ती रडकी द्या!"

त्याच संध्याकाळी गाडी पुन्हा गल्लीत उतरली. या वेळी वादळ नव्हतं. गाडी इतकी सावकाश निघाली की चाकांखालचा खडा न् खडा ऐकू येत होता. तिच्या मागे पतंगाची साधी दोरी बांधली होती, म्हणजे आत जाऊन आणायला नको. आकाश जांभळं झालं होतं. वटवाघळं उठली. गल्लीच्या टोकाशी भिंतीपलीकडे सूर्यभान सरांची अभ्यासिका होती. स्पर्धा परीक्षांची मुलं संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत तिथं बसत. तिथली घंटा वाजली, आणि गाडी जागच्या जागी मेली.

लाल दिवा लुकलुकू लागला. लांब, आखूड, लांब.

"सिग्नल तुटला!" त्रिवेणी कुजबुजली. "कंट्रोलर चांगला आहे. बॅटरी चांगली आहे. तिला आपलं ऐकूच येत नाहीये!"

धम्मानंदने खिशातून वडिलांचा फोन काढला आणि गाडीच्या दिशेने चालत गेला. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा एकेक करून विझल्या. गाडीजवळ पोहोचला तेव्हा एकही उरली नव्हती. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "इथं... इथं सगळं मुकं आहे गं."

"बावडी," हर्षवर्धन पुटपुटला. "आबा खरं सांगत होते. चला घरी. चला ना!"

त्रिवेणीलाही पळावंसं वाटत होतं. पण फाटकाच्या आत देव्हाऱ्याचा दिवा दिसत होता, आणि त्या उजेडात सुशीलाबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. हलत नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या.

"खडू आण," ती धम्मानंदला म्हणाली. "गाडी जिथं थांबली तिथं खूण कर. बावडीच असेल तर सगळ्या खुणा बावडीभोवती येतील. येऊ देत!"

पुढच्या दोन संध्याकाळी त्यांनी गाडी सगळ्या बाजूंनी आत सोडली. गल्लीतून, मागच्या बोळातून, बाजूच्या मोकळ्या प्लॉटमधून. घंटा वाजली की गाडी मुंगीसारखी पुढे सरकायची आणि अचानक रडू लागायची. जिथं रडली तिथं खडूची फुली, मातीत असेल तर पांढरा दगड. दोरीने ओढून घ्यायचं, बाजू बदलायची, पुन्हा सोडायचं. धम्मानंदची बहीण रांगोळीचे ठिपके मांडायची तसे ते ठिपके वाढत गेले.

मग तिघं आबासाहेबांच्या गच्चीवर चढली आणि कठड्याला रेलून खाली पाहिलं.

"गोल आहे," हर्षवर्धन श्वास रोखून म्हणाला. "मोठा गोल!"

"आणि बावडी त्याच्या मधोमध नाही!" त्रिवेणी जवळजवळ नाचलीच. "बावडी तर कडेला आहे! मधोमध बघ काय आहे!"

मधोमध होती अभ्यासिकेची वरची खोली, आणि तिची सदा बंद असलेली खिडकी.

धम्मानंद सावकाश म्हणाला, "माझा दादा परीक्षेला गेला होता ना, तिथं हॉलमध्ये फोन, रिमोट, सगळं मुकं करायचं यंत्र बसवलं होतं. काळा डबा, वर शिंगांसारख्या काड्या. घंटा झाली की चालू करायचे."

तिघं धावत आबासाहेबांकडे गेली. आबासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सूर्यभान शिकलेला, मोठा माणूस. त्याच्यावर आळ घेता? पुरावा काय, तर खडूच्या फुल्या!" मग तिघं धीर करून स्वतः सरांकडे गेली. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "कसलं यंत्र? उन्हात खेळून डोकं तापलंय तुमचं. जा, अभ्यास करा!"

"बघितलं?" बाहेर आल्यावर हर्षवर्धन म्हणाला. "मोठ्यांना फुल्या दिसत नाहीत."

"मग दिसेल असं काही तरी करू," त्रिवेणी म्हणाली.

रविवारी रेणुकाताई सकाळच्या गाडीने उतरल्या. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं. दिवेलागणीला फाटकापाशी रिक्षा उभी होती, बॅग पायरीवर होती, आणि निरोप द्यायला आबासाहेबांसकट सगळी गल्ली जमली होती. सुशीलाबाई देव्हाऱ्याजवळून हलायला तयार नव्हत्या.

"आई, चल ना गं. उशीर होतोय."

"दिवा तर लावू दे. शेवटचा."

अभ्यासिकेची घंटा वाजली. त्रिवेणी पुढे झाली. "मावशी, फक्त थोडा वेळ थांबा. आजी, मिस कॉल द्या. रोज देता तसा. आमच्या सगळ्यांसमोर."

रेणुकाताईंनी ओठ दाबले, पण पर्समधून फोन काढून हातात धरला. सुशीलाबाईंनी दोनचं बटण दाबून धरलं आणि फोन कानाला लावला. सगळी गल्ली कान देऊन उभी राहिली. स्टेशनातली घोषणा ऐकू आली, वटवाघळांचे पंख ऐकू आले. रेणुकाताईंचा फोन वाजला नाही.

"विसरल्या का आजी?" त्रिवेणीने विचारलं.

रेणुकाताईंनी आपल्या फोनकडे पाहिलं. रेघ एकही नव्हती.

तेवढ्यात हर्षवर्धनने गाडी आत सोडली. ती सावकाश सरकत आली, खडूच्या फुलीवर पोहोचली आणि रडू लागली. रिक्षावाला दोन पावलं मागे सरला. कुणीतरी रामनाम घेतलं.

"हर्षा, घोडा दाबून धर. सोडू नको," त्रिवेणी पुटपुटली. "धम्मा, जा!"

धम्मानंद अभ्यासिकेत गेला. सूर्यभान सर टेबलाशी बसले होते.

"सर, बाहेर बरीच माणसं थांबलीत. कुणाचाच फोन लागत नाहीये. चिडलीत सगळी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. सरांना मात्र वाटलं, नव्या तुकडीच्या प्रवेशासाठी पालक आले! "अरे देवा! फोन लागत नाही म्हणजे... थांब, थांब!" आणि ते धापा टाकत वरच्या खोलीकडे पळाले.

बाहेर गाडी रडत होती. लांब, आखूड, लांब. लांब, आखूड...

आणि अर्ध्यातच ती गप्प झाली. कुणी हात न लावता तिची चाकं फिरू लागली आणि ती मुंगीच्या चालीने बावडीवरून पुढे निघाली. गल्लीतल्या साऱ्या खिशांमध्ये एकदम फोन किणकिणले. घाबरून कुणी किंचाळलंसुद्धा.

"आजी!" त्रिवेणीचा आवाज चिरकला. "आता! आता द्या!"

सुशीलाबाईंनी पुन्हा दोनचं बटण दाबून धरलं.

रेणुकाताईंच्या हातातला फोन वाजला. एक रिंग. मग शांत.

रेणुकाताई त्या फोनकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पायरीवरची बॅग उचलली आणि घरात नेऊन पलंगाखाली ढकलली. आईच्या गळ्यात पडून त्या इतक्या रडल्या की रिक्षावाल्यानेही डोळे पुसले.

सूर्यभान सर हसतमुखाने बाहेर आले, आणि समोर अख्खी गल्ली पाहून त्यांचं हसू वाळलं. "मुलं... मुलं फोनमध्ये डोकं घालून बसतात हो. म्हणून महिन्याभरापूर्वी ते यंत्र बसवलं. भिंतीबाहेर जात असेल हे मला काय माहीत!"

"बघितलंत कधी बाहेर येऊन?" आबासाहेब गरजले. "या पोरांनी सांगितलं तेव्हा तरी? असं यंत्र कुणालाही बसवता येत नाही, कायदा आहे! या माउलीला रात्री काही झालं असतं, तर हाक कुणाला पोहोचली असती?"

मग ते त्रिवेणीकडे वळले. "मीही ऐकलं नाही तुमचं. बावडीवर उगाच आळ घेतला. तुम्ही भ्यायलात आणि तरी मोजत राहिलात. शाब्बास गं पोरी! शाब्बास रे!"

यंत्र त्याच रात्री उतरलं. सरांनी दारात लाकडी खणांचं कपाट केलं. आत जाताना फोन खणात ठेवायचा. पुढे ते दिलसुखनगरला गेले आणि तिथंही असलंच कपाट आहे. गंमत म्हणजे धम्मानंद त्यांच्याच अभ्यासिकेत बसून परीक्षा पास झाला आणि आज पोस्टात नोकरीला आहे. हर्षवर्धन लातूरच्या शर्यतीत खरंच शेवटचा आला. आता पुण्यात विजेच्या रिक्षा दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "पळवायची की चालवायची?" आबासाहेब होते तोवर कडुलिंबाखाली रोज दोन फुलं ठेवत. का, असं विचारलं की म्हणत, "माफी मागतो." त्रिवेणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती साठ अँपिअरची डबी तिच्या टेबलावर असते, आणि मराठी वाचताना आता ती अडत नाही.

सुशीलाबाई आपल्या घरात आणखी चार वर्षं राहिल्या. शेवटच्या संध्याकाळीही त्यांनी दिवा लावला आणि मिस कॉल दिला.

परभणीला आजही दिवेलागणीला रेणुकाताईंचा फोन वाजतो. एक रिंग. त्या उचलत नाहीत. हैदराबादेत त्रिवेणी ठीक आहे, एवढं त्यांना कळतं.